जुन्या मोटारीला नवा आवाज



कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. इथल्या गल्ल्यांत आज अनेक कष्टकरी घरांपुढे जुनी मारुती ८०० उभी दिसते. १९८३ साली निघालेल्या या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. भिशीच्या आणि फंडाच्या पैशातून घेतलेली अशी गाडी घरात आली की पहिला वाद ठरलेला. मुलगा म्हणतो, "बाबा, आधी साउंड बसवू." बाप म्हणतो, "आधी टायर बघ." आम्ही या वादात बापाच्या बाजूने आहोत, पण मुलाचे म्हणणेही टाकाऊ नाही. आठवडाभर राबलेल्या कुटुंबाने रविवारी प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज ऐकत गावी जावे, यात चैन कसली? फक्त क्रम चुकू नये.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तेव्हा आधी कागदपत्रे, ब्रेक, टायर आणि बॅटरी पाहावी. त्यातून उरेल तो पैसा गाण्याला.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. '५० वॉट गुणिले ४' असे छापलेले असते, पण तो क्षणभराचा जोर असतो. मोटारीची वीज १२ व्होल्टची आणि स्पीकर बहुधा ४ ओहमचे. एवढ्यावर साधा टेप एका स्पीकरला सतत १५ ते २० वॉटच देऊ शकतो. खरेदी करताना 'आरएमएस' हा आकडा विचारावा. छोट्या गाडीत कुटुंबाला ऐकायला तेवढा आवाज पुष्कळ होतो.

आवाज फाटका येतो तेव्हा दोष बहुतेक वेळा जुन्या स्पीकरचा असतो. उन्हाने आणि पावसाच्या ओलाव्याने त्याचा कागद फाटतो, कडेचा फोम झडतो. म्हणून आधी त्याच मापाचे चांगले स्पीकर बसवावेत. जुना कॅसेट टेप चालू असेल तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर घालून मोबाईलमधली गाणी त्यावर वाजतात. टेप लगेच बदलायची गरज नाही. अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी, आणि खरोखर हवा असेल तरच. सामानासाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि मोटारीच्या सुट्या भागांची नाना पेठ, दोन्हीकडे भाव विचारावा, मगच पैसे काढावेत.

आता जिवाची गोष्ट. स्पीकर महागाचा नसला तरी चालेल, वायरिंग मात्र पक्के हवे. जुन्या गाडीच्या वायरींचे आवरण कडक होऊन तडकते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. नव्या टेपच्या वायरींत बहुधा पिवळी कायम विजेची, लाल चावीनंतरची आणि काळी अर्थिंगची असते. मूळ वायरी कापू नयेत, जोडणीचा कपलर मिळतो तो वापरावा. अ‍ॅम्प्लिफायरची जाड वायर थेट बॅटरीवरून घेतली, तर बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. ती पत्र्यातून आत येते तिथे रबरी बूच नसेल, तर पत्र्याची धार रोजच्या हादऱ्यांनी तिला कापते आणि वायर पत्र्याला टेकून आग लागू शकते. गाडीला गॅसचे किट असेल तर वायर गॅसच्या नळीपासून लांबून न्यावी. फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा घालणारा कारागीर दिसला, तर त्याला तिथेच थांबवा. १० अँपिअरच्या जागी १० चाच फ्यूज. तो वारंवार उडतो याचा अर्थ दोष दुसरीकडे आहे.

इंजिनाबरोबर चढउतार होणारी शिटी ऐकू आली तर अर्थिंग तपासावे. ती वायर आखूड असावी आणि रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्याला घट्ट बसवावी. गाण्यात ठेका पोकळ वाटला, तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट्या लागल्या असतील. वायरी सोडवून पेन्सिल सेल क्षणभर लावावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला असेल तर कागद बाहेर येतो.

शेवटची गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो, पण ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. मागच्या सीटवरच्या लेकराला आवाज कमी करायची कळ नसते. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आपल्या गल्लीत कुणाची दहावी असते, कुणी रात्रपाळी करून झोपलेला असतो.

माता-भगिनींना एक सांगणे. घरातला मुलगा साउंड बसवायला निघाला, तर त्याला किमतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: "फ्यूज कुठे लावणार?" उत्तर नीट आले तरच पैसे द्या.