चवीपुरती वाईन

ज्या घरात दारू येत नाही, तिथे ती माझ्या लिखाणामुळे येऊ नये. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी आपल्या दारावरून जाते. इथली कितीतरी घरं माळकरी आहेत. त्यांना हे आवाहन नाही. व्यसनानं एखादा माणूस गमावलेल्या घरांना नाही, गरोदर बाईला नाही, गोळ्या-औषधं चालू असलेल्यांनाही नाही. आवाहन आहे ते आधीपासून घेणाऱ्यांना. आठवड्याच्या शेवटी ढाब्यावर, उपाशीपोटी, शेंगदाण्याच्या चकण्यावर भराभर पेले रिकामे करायचे आणि रात्री मोटारसायकलवरून घरी यायचं, ही आपल्याकडची रीत. ती सोडा. कधीतरी एखादी वाईनची बाटली घरी आणा, घरच्यांसोबत जेवायला बसा आणि ताटातल्या घासाबरोबर तिची चव घ्या.

वाईन तब्येतीला चांगली असते, असं कोणी सांगितलं तर मात्र ऐकू नका. दारूचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे आणि वाईन त्यात आलीच. तिच्यात साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. म्हणून चवीपुरती घ्यायची. वयाचे आणि परवान्याचे नियम पाळायचे आणि घेतल्यावर गाडीला हात लावायचा नाही.

फ्रेंच-स्पॅनिश वाईन म्हटलं की आपल्याला ते परक्या श्रीमंतांचं प्रकरण वाटतं. पण आपला भाग यात नवखा नाही. बॉस्का ही एकेकाळी देशभर विकली जाणारी वाईन बारामतीची. पाटसहून बारामतीकडे येताना रोटीजवळ फोर सीझन्सची वायनरी लागते. सराटीला नीरा ओलांडली की अकलूज. तिथल्या मोहिते-पाटलांनी दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की यांच्याबरोबर २००७ मध्ये फ्रातेल्ली सुरू केली, मोटेवाडीच्या माळावर बागा लावल्या. त्या बागांतली शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों, शेनिन ब्लां ही मूळची फ्रान्सचीच द्राक्षं. म्हणजे फ्रान्सची चव ओळखायला सुरुवात करायची, तर नदीपलीकडून करता येते.

बोरी भागातल्या बागायतदारांना यातलं अर्धं शास्त्र तसंही ठाऊक आहे. खरड छाटणी, गोडी छाटणी, डॉगरिजचा खुंट त्यांना कोणी शिकवायला नको. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीनं फ्रान्सच्या बागा मुळातून खाल्ल्या, तेव्हा त्याही अमेरिकेतून आणलेल्या खुंटावर कलमं करूनच वाचल्या. फरक मण्यात आहे. आपण खाण्यासाठी लावतो तो मणी मोठा, पातळ सालीचा आणि शक्यतो बिनबियांचा. वाईनचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा. खायचं द्राक्ष सोळा-अठरा ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) उतरवतात, वाईनचं बावीस-चोवीसपर्यंत वेलीवर ठेवतात. पण ती बहुतेक साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि तिचं अल्कोहोल होतं. म्हणूनच द्राक्षाचा गोड रस समजून पहिला घोट घेणारा तोंड वाकडं करतो. रेड वाईन सालीसकट आंबवतात, त्यामुळे जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तसा तुरटपणा तिच्यात येतो. व्हाइट वाईनला साल आधीच बाजूला काढलेली असते, म्हणून ती हलकी आणि आंबूस लागते. तेव्हा पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. दोन घास खा, मग दुसरा घोट घ्या.

परदेशी बाटली महाग का, हेही समजून घ्या. आयात वाईनवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं आणि त्यावर राज्याचे कर. तिकडे रोजच्या जेवणाला उघडतात ती साधी बाटली इथे येईपर्यंत चैनीची होते. म्हणून ती एकट्यानं घेऊ नका, वर्गणी काढा. आठ जणांत ७५० मिलीची एक बाटली उघडली तर प्रत्येकाला नव्वद मिलीच्या आसपास येते. चव कळायला तेवढी पुरे. शेजारी त्याच जातीची इथली बाटली ठेवा, म्हणजे पैसे सत्कारणी लागतात. अकलूजच्या शेनिनला ल्वार खोऱ्यातली शेनिन जोडीला घ्या. इथल्या शिराझला कोत द्यु रोन घ्या, कारण तिच्यात बहुतेकदा ग्रनाशबरोबर हीच शिराझ असते. तिकडे तिला सिरा म्हणतात. फ्रेंच बाटलीवर बहुधा गावाचं किंवा प्रांताचं नाव असतं, द्राक्षाचं नसतं, हे लक्षात ठेवलं की दुकानात गोंधळ होत नाही. स्पेनची घ्यायची तर रिओहा प्रांताची, टेंप्रानियो द्राक्षाची बघा. लेबलवर क्रियान्सा लिहिलेलं असेल तर त्या रेड वाईननं किमान दोन वर्षं मुरवणीत काढलेली असतात, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. रिझर्वा त्याहून जुनी आणि महाग. पहिल्यांदा घेणाऱ्यानं तिच्या वाटेला जायचं कारण नाही.

आता ताट. भिगवणची चिलापी रवा लावून तळा, वर लिंबू पिळा आणि सोबत गार व्हाइट घ्या. उजनीच्या पाण्यातला मासा आणि शेनिनचा आंबूसपणा इतके जमतात, की मला तरी या भागात याहून चांगली जोडी सापडलेली नाही. काळ्या मसाल्याचं झणझणीत मटण आलं की बहुतेक जण डोळे झाकून रेड ओततात. तिखटाबरोबर अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही जास्त टोचतात, जिभेला आग लागते आणि दोष वाईनला मिळतो. तिखट रस्सा असेल तर किंचित गोडसर व्हाइट घ्या. रेडसाठी तव्यावरचं सुकं मटण करा, मिरची हात राखून. शाकाहारी असाल तर भरलं वांगं, शेंगदाण्याचं कूट सढळ घातलेलं. कुटाच्या स्निग्धपणानं रेडचा तुरटपणा बराच मवाळ होतो.

रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं सांगतात. ती खोली थंड मुलखातली, सोळा-अठरा अंशांची. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, व्हाइट दोन-तीन तास. बर्फ घालू नका, सोडा तर मुळीच नको. खास काचेचे पेले नसले तरी अडत नाही. काचेचा साधा ग्लास तिसरा हिस्सा भरा, वास घ्या, मग घोट. उरलेली वाईन बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते. बाटली उघडलीच आहे, आता संपवून टाकू, हा आग्रह कोणी धरला तर त्याला ठाम नाही म्हणा.

दुकानातली उन्हात किंवा दिव्याखाली महिनोन् महिने उभी असलेली बाटली घेऊ नका. उन्हानं वाईन नासते. दुकानदाराला ती कधी आली ते विचारा, सावलीत ठेवायला सांगा आणि ३७५ मिलीची अर्धी बाटली मागा. दोघांच्या जेवणाला तीही जास्तच होते. बारामती-इंदापुरात ती सहज मिळाली नाही, तरी मागत राहा, मागणी दिसली की दुकानदार माल ठेवतो.