फाटल्यान कोण लागला?

रायबंदरला, सकाळी साडेसातच्या सुमारास, मी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलो होतो. बसलो होतो म्हणण्यापेक्षा पायांनी मला बसवले होते. ऑक्टोबर महिना, ऊन अंगावर आलेले, आणि मला मात्र थंडी वाजत होती. हातावर काटा उभा. एक पोदेर सायकलवरून उतरला, माझ्याकडे नीट बघितले, समोरच्या गाड्यावरून मीठ घातलेले लिंबाचे पाणी आणून दिले आणि ते पोटात गेल्यावर मग विचारले, "बाब, इतले कित्याक धांवतात? तुमचे फाटल्यान कोण लागला?"

मी नुसता हसलो. खरे उत्तर असे होते की माझ्यामागे एक कागद लागला होता.

तो कागद म्हणजे मॅरेथॉनच्या सरावाचे अठरा आठवड्यांचे वेळापत्रक. इंटरनेटवरून उतरवून घेतलेले, फ्रिजवर चिकटवलेले. त्या रविवारच्या चौकटीत लिहिले होते, 25 किलोमीटर, दर किलोमीटरला सहा मिनिटे. मिरामारहून निघून जुन्या गोव्याला जाऊन परत आले की साधारण तेवढे भरते. जाताना सगळे ठीक होते. येताना छातीचा भाता झाला. मनगटावरचे घड्याळ हृदयाचे ठोके वर वर चढताना दाखवत होते, आणि मी शहाणा, ठोके सोडून मिनिटे मोजत होतो.

कागदाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या हवेसाठी तो लिहिलेला असेल तिथे तो बरोबरच असणार. पण आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या शर्यती डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे सरावाची सुरुवात श्रावणातल्या पावसात, आणि सर्वांत लांब पल्ल्याचे रविवार नेमके ऑक्टोबरच्या उकाड्यात. आपल्या किनारपट्टीवर पहाटे पाचला उठले तरी हवेत पाणीच पाणी. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. मग हृदयाला दुहेरी काम. पायांना रक्त पुरवायचे आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला कातडीकडेही पाठवायचे. थंड प्रदेशात ज्या वेगाने माणूस गप्पा मारत धावेल, त्याच वेगाने इथे त्याची बोबडी वळते. हे आपल्या शेतात राबणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. उन्हे चढण्याआधी काम उरकायचे आणि मग पेज जेवायला बसायचे, ही रीत काही कोणा प्रशिक्षकाने शिकवलेली नाही. सुशिक्षितांना मात्र हे कठड्यावर बसल्यावर कळते.

त्यानंतर तीन आठवडे धावणे बंद होते. त्या काळात मी आर्थर लिडियर्डविषयी वाचत बसलो. न्यूझीलंडमधला ऑकलंडचा हा माणूस, बुटांच्या कारखान्यात काम करणारा. आपण तंदुरुस्त आहोत असा त्याचा समज होता. एका मित्राबरोबर काही मैल धावल्यावर तो पार गळून गेला आणि तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षे त्याने स्वतःच्याच शरीरावर प्रयोग केले. कमी धावून बघितले, अती धावून बघितले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की आधी महिनोन् महिने धाप न लागता लांब धावा, वेगाचे नंतर बघू. 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या हाताखालच्या पीटर स्नेलने 800 मीटरचे आणि मरे हॅलबर्गने 5000 मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी मिळवले. 800 मीटर म्हणजे पावणेदोन मिनिटांचा खेळ, आणि त्यासाठी स्नेल डोंगरातल्या 22 मैलांच्या रस्त्यावर घाम गाळत असे! अर्थात त्यांचे 'हळू' म्हणजे आपले 'जीव तोडून', हे मान्य. पण हिशेब तोच. सावकाश धावताना शरीर चरबी जाळायला शिकते, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे वाढते. वेगात धावलो की साठवलेली साखर आधी संपते, आणि मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास जी 'भिंत' लागते म्हणतात, ती बहुतेक हीच.

मला पदकांपेक्षा पुढची गोष्ट जास्त आवडली. लिडियर्डने ऑकलंडमध्ये वयस्कर, पोट सुटलेल्या, काही तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांना हळूहळू धावायला लावले होते. 1962 साली बिल बॉवरमन हा अमेरिकेतला नामांकित प्रशिक्षक (पुढे 'नायकी' कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक) तिथे गेला असता एका रविवारी या मंडळींबरोबर धावायला निघाला. पन्नाशीतला हा गृहस्थ मागे पडला, आणि सत्तरी ओलांडलेला एक हृदयरोगी म्हातारा त्याच्या सोबतीला थांबून थांबून धावला. बॉवरमन मायदेशी परतला तो हे वेड घेऊनच, आणि 1967 साली एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्याने 'जॉगिंग' नावाचे पुस्तक लिहिले. आज आपण हौशी लोक जे बूट घालून रस्त्यावर उतरतो, त्यामागे मागे पडलेल्यासाठी थांबणारा तो म्हातारा आहे.

आणि आपण काय करतो? आमच्या धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात रोज सकाळी स्ट्राव्हावरचे आकडे पडतात. किलोमीटरला साडेपाच मिनिटे असली तर अंगठे, टाळ्या. आठ-नऊ मिनिटे असली तर कोणीतरी लिहिणारच, "काय, देवळात प्रदक्षिणा घालत होता काय?" गंमत म्हणूनच लिहितात, मीही एकदा लिहिले आहे. आमच्यात एक निवृत्त कारकून होते. साठीला आलेले, मधुमेह, पण पहाटे सर्वांच्या आधी हजर. दहा किलोमीटर धावायला त्यांना दीड तास लागे. अशा एका 'गमती'नंतर त्यांनी आकडे टाकायचे बंद केले, मग यायचेही बंद केले. बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको." या वाक्याचे मला काय वाटले ते इथे लिहिणे कठीण आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत सांगतो, कोणाला आवडो वा न आवडो. ज्यांना वेग आहे त्यांनी जरूर वेगाने पळावे, तरुण पोरांचे तर ते कामच आहे. पण चाळिशी-पन्नाशीतल्या हौशी माणसाने आठवड्यातले बहुतेक धावणे बोलता येईल इतक्याच गतीने करावे, आणि गटांनी आकड्यांचे हे प्रदर्शन बंद करावे. जो गट शेवटच्या माणसासाठी थांबत नाही त्याने स्वतःला क्लब म्हणू नये. आपल्याकडे पंढरपूरला चालत जाणाऱ्या दिंड्या आहेत, तीन डिसेंबरच्या फेस्ताला दूरदूरहून जुन्या गोव्याला पायी येणारे लोक आहेत. तिथे कोणी कोणाला तुझी किलोमीटरची वेळ किती, असे विचारल्याचे ऐकलेले नाही.

पाण्याबद्दलही एक. "भरपूर पाणी पी" हा सल्ला सगळेच देतात. 2002च्या बोस्टन मॅरेथॉननंतर 488 धावपटूंचे रक्त तपासले तर 13 टक्के लोकांत सोडियम धोक्याच्या बाजूला घसरलेले आढळले. शर्यतीत ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, म्हणजे जे गरजेपेक्षा जास्त प्याले होते, त्यांच्यात हे प्रमाण ठळक होते. मी आता तहान लागली की पितो, आणि घरी आल्यावर उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि मिस्कूट. रंगीत पेयांच्या बाटल्या घेणे सोडले. असो.

त्या दिवशी घरी आल्यावर सौ. काही बोलली नव्हती. तिने फक्त फ्रिजवरचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. आता तिथे दुसरा कागद आहे, माझ्याच हाताने लिहिलेला. त्यात किलोमीटर नाहीत, फक्त मिनिटे आहेत, आणि ऑक्टोबरचे रविवार आखूड केलेले आहेत. शर्यत डिसेंबरात आहे. पाच तासांत संपेल की सहा, सांगता येत नाही.

गेल्या रविवारी कारकूनबाबांना घरून बोलावून घेतले. आढेवेढे घेतले, पण आले. पणजीहून रायबंदरच्या सेतूवरून आम्ही दोघे निघालो, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खाजण, किलोमीटरला नऊ मिनिटे. अर्ध्या वाटेत तोच पोदेर भोंपू वाजवत समोरून आला. मला ओळखले, आणि सायकलचा वेग कमी न करताच ओरडला, "आयज कोण ना मूं फाटल्यान?"