जुन्या स्पीकरसाठी एक सामाईक पेटी करा

पन्नास वर्षं नीट वाजलेला स्पीकर पुण्याहून नागपूरला पोचेपर्यंत एका रात्रीत निकामी होऊ शकतो. वापरून वापरून जे बिघडलं नाही ते गोडाऊनच्या फरशीवर एकदा आपटल्याने बिघडतं. म्हणून जुन्या मोठ्या स्पीकरांची आवड असणाऱ्या, ते विकणाऱ्या-घेणाऱ्या किंवा वडिलांचे स्पीकर मुलीच्या-मुलाच्या घरी पाठवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. दर वेळी नवा पुठ्ठा आणि नवा थर्माकोल जमवू नका. गावातल्या चार-पाच जणांनी मिळून एक भक्कम, खोलून पुन्हा जोडता येणारी लाकडी पेटी करा आणि ती आळीपाळीने वापरा.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. उत्तर सरळ आहे. हे स्पीकर जसेच्या तसे पुन्हा बनणार नाहीत. ब्रिटनच्या टॅनॉय कंपनीचे ड्युअल कॉन्सेन्ट्रिक ड्रायव्हर १९४७ पासूनचे. अमेरिकेच्या आल्टेक लॅन्सिंगचे ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ स्पीकर मूळचे सिनेमागृहाच्या पडद्यामागे उभे राहण्यासाठी बनलेले. त्या काळातल्या अनेक नामांकित स्पीकरांत अल्निको चुंबक असायचं. त्यात कोबाल्ट लागतो. १९७८ मध्ये कोबाल्टचा मोठा पुरवठा करणाऱ्या झैरमध्ये लढाई पेटली, कोबाल्ट अतोनात महागला आणि बहुतेक कंपन्या फेराइट चुंबकांकडे वळल्या. आपल्याकडे एकपडदा टॉकीज बंद होत गेल्या तसे पडद्यामागचे हॉर्न भंगारात निघाले. त्यातले काही जाणकारांनी उचलले म्हणून वाचले. आखातातून किंवा बोटीवरच्या नोकरीतून कुणी हौसेने आणलेले जेबीएल, कोलकात्याच्या सोनोडाइनचे जुने स्पीकर, सगळ्यांची गत तीच. जे उरले आहेत तेवढेच आहेत. त्यातली एक जोडी फुटली की ती कायमची कमी होते.

आता नेमकं काय मोडतं ते समजून घ्या. पेटी कशी हवी हे त्यावरूनच ठरतं. स्पीकरचं सगळ्यात जड अंग म्हणजे वूफरचं चुंबक. बारा-पंधरा इंची वूफरचं चुंबक आणि त्याभोवतीचं लोखंड काही किलोंचं असतं आणि ते सगळं ओझं समोरच्या फळीला चार-आठ स्क्रूंवर आडवं लटकलेलं असतं. पेटी ३० सेंटीमीटरवरून पडून फरशीवर ३ मिलिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या वस्तूला सरासरी तिच्या वजनाच्या शंभरपट धक्का बसतो. म्हणजे ७ किलोचं चुंबक त्या क्षणी ७०० किलोच्या ओझ्याने फळी ओढतं. जुन्या भुशाच्या फळीतले स्क्रू ते झेलू शकत नाहीत. फेराइट चुंबकाची चकती तर लोखंडी तबकड्यांना गोंदाने चिकटवलेली असते. ती केसभर सरकली तरी पुरे. व्हॉइस कॉइलला हलायला मिळणारी फट मिलिमीटरच्या काही दशांशांची असते. चुंबक सरकलं की कॉइल त्या फटीत अडकते. वरून स्पीकर नवाकोरा दिसतो, पण आवाज घासून येतो किंवा येतच नाही.

तोच धक्का फोमने ३ सेंटीमीटरमध्ये थांबवला, तर तो शंभरपटीवरून दहापटीवर येतो. पेटीतल्या फोमचं काम एवढंच. फोम दगडासारखा कडक असेल तर तो दबतच नाही, आणि फार मऊ असेल तर पूर्ण दबून स्पीकर तळाला लागतो. थर्माकोल एकदा दबला की परत फुलत नाही. पहिला धक्का तो सोसतो, दुसऱ्या धक्क्याच्या वेळी तिथे पोकळी झालेली असते. म्हणून पुन्हा वापरायच्या पेटीत ईपीई फोमचे, म्हणजे पॅकिंगच्या पांढऱ्या लवचिक फोमचे, घट्ट ठोकळे घाला. स्पीकर ठेवल्यावर ५ सेंटीमीटरचा ठोकळा किंचित दबलेला दिसला पाहिजे. अजिबात दबला नाही तर ठोकळ्यांची संख्या कमी करा. निम्म्यापर्यंत दबला तर वाढवा.

पेटी हलकी असावी असं पुष्कळांना वाटतं. इथेच चूक होते. एका माणसाला उचलता येईल असं ओझं फेकलं जातं, कारण ते फेकता येतं. शंभर किलोंची, खाली पाय असलेली पेटी कुणी फेकत नाही. ती चौघं मिळून धरतात किंवा पॅलेट ट्रकच्या फोर्कवर घेतात. म्हणून पेटीच्या तळाला १० सेंटीमीटर उंचीच्या तीन आडव्या पट्ट्या मारा, म्हणजे गोडाऊनमधल्या पॅलेट ट्रकचे फोर्क खाली जातील.

बाकीची रचना कुठल्याही चांगल्या सुताराला समजेल अशी आहे. १२ मिलिमीटरचं पाण्याला टिकणारं प्लायवूड आणि कडेला दोन इंची लाकडी पट्ट्या घ्या. सहा फळ्या वेगवेगळ्या करा. त्या खिळ्यांनी ठोकू नका, ८ मिलिमीटरच्या बोल्टने जोडा. खिळा दोन-तीनदा उपटला की लाकूड धरत नाही. बोल्टसाठी लाकडात टी-नट बसवले की कितीही वेळा खोला. प्रत्येक फळीवर रंगाने क्रमांक आणि वरची बाजू लिहा. समोरची फळी दारासारखी निघणारी ठेवा. स्पीकर वरून आत सोडताना हात सुटण्याची भीती असते, समोरून तो कापडावर सरकवत नेता येतो. दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर धरायला जाड पट्ट्या लावा. रिकामी पेटी खोलली की सहा फळ्यांचा गठ्ठा होतो आणि परतीचं भाडं वाचतं. सामाईक पेटी परवडते ती याच कारणाने.

माप ठरवताना गटातला सगळ्यात मोठा स्पीकर धरा. आल्टेकचा ए-७ साधारण १३७ सेंटीमीटर उंच, ७६ रुंद आणि ६१ खोल आहे. त्याला सगळ्या बाजूंनी ५ सेंटीमीटर फोम धरला तर पेटी आतून साधारण १४७ × ८६ × ७१ होते. त्यात छोटा स्पीकरही जातो. उरलेली जागा फोमच्या ठोकळ्यांनी आणि एका आडव्या फळीने भरा. जेबीएल एल-१०० सारखी ६० सेंटीमीटर उंचीची जोडी असेल, तर मधे प्लायवूडची भिंत घालून दोन्ही एकाच पेटीत जातात. मोठ्या स्पीकरांना मात्र प्रत्येकी एक पेटी द्या. क्वाडचे १९५७ चे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर या पेटीत घालू नका. त्यांचा आतला पडदा फारच पातळ असतो आणि त्यांना स्वतंत्र, उभी राहणारी पेटीच लागते.

स्पीकर आत ठेवण्याआधी थोडं काम आहे. समोरची जाळी काढून वेगळी गुंडाळा. हॉर्नच्या मागे लटकणारा कॉम्प्रेशन ड्रायव्हर काढून वेगळ्या खोक्यात ठेवा, कारण तो धक्क्याने हॉर्नचा गळाच मोडतो. जड वूफर काढता आला तर उत्तम. काढताना तारांचे फोटो घ्या, कुठली तार अधिक टोकाची ते चिकटपट्टीवर लिहा आणि डाव्या-उजव्या कॅबिनेटची खूण करा. स्क्रू सोडवताना कोनवर पुठ्ठा धरा. चुंबक स्क्रू-ड्रायव्हर ओढून घेतं आणि कोनला भोक पडतं. उघडायची सवय नसेल तर वूफर जागेवरच राहू द्या. अशा वेळी टर्मिनलच्या दोन टोकांना एक तार जोडून ती शॉर्ट करा. कोन हलू लागला की कॉइलमध्ये तयार होणारी वीज त्यालाच रोखते आणि प्रवासात तो उगाच डुलत नाही. या तारेला लाल कापडाची पट्टी बांधा. अँप्लिफायर जोडण्याआधी ती काढली नाही तर अँप्लिफायर जळू शकतो.

समोरच्या बाजूला फोम फक्त कॅबिनेटच्या कडांवर टेकला पाहिजे, कोनवर कधीच नाही. लाकडी पॉलिशला प्लॅस्टिक थेट लावू नका, डाग पडतात. आधी स्वच्छ सुती चादर गुंडाळा, मग प्लॅस्टिक. पेटीत सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या टाका. जून ते सप्टेंबर स्पीकर पाठवणं टाळा. टाळता येत नसेल तर पेटीला आतून जाड प्लॅस्टिकचं अस्तर लावा आणि गाडीला ताडपत्री आहे का ते स्वतः पाहा.

वाहतूक ठरवताना दराआधी एक प्रश्न विचारा: माल वाटेत किती ठिकाणी उतरवून पुन्हा चढवणार? प्रत्येक उतरवणी हा नवा धोका आहे. जोडीसाठी छोटा टेम्पो करून सोबत एक माणूस गेला तर पुष्कळदा तेच स्वस्त पडतं. हवाई कुरिअरने पाठवत असाल तर आकारमानाचं वजन आधी काढा. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायची हा प्रचलित हिशेब आहे. बाहेरून १६० × १०० × ८५ सेंटीमीटरची पेटी त्या हिशेबाने २७२ किलोंची धरली जाते, प्रत्यक्ष वजन निम्म्याहून कमी असलं तरी. तेव्हा मोठी पेटी रस्त्यानेच पाठवा.

बिल्टीवर सही करण्याआधी ती वाचा. ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का आहे का ते पाहा. रस्ते मालवाहतुकीसाठी २००७ चा कायदा आहे. त्यात वाहतूकदाराची भरपाई भाड्याच्या पटीत मर्यादित असते, जास्त किमतीसाठी ती आधी जाहीर करून जादा दर भरावा लागतो. म्हणून किंमत लेखी जाहीर करा आणि प्रवासाचा विमा वेगळा घ्या. नुकसान झालं तर दाव्याआधीची लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, हे लक्षात ठेवा.

परदेशातून पाठवणाऱ्या-मागवणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आंतरराष्ट्रीय नियमानुसार पेटीच्या भरीव लाकडाच्या पट्ट्या कीडमुक्त केलेल्या असाव्या लागतात. उष्णतेने करायच्या तर लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं ठेवतात आणि पट्टीवर तसा शिक्का मारतात. प्लायवूडला ही अट नाही. म्हणून परदेशी जाणारी पेटी संपूर्ण प्लायवूडची केलीत तर हा प्रश्नच येत नाही.

पेटी चांगली झाली तरी ती टिकते ती शिस्तीने. एक सांभाळणारा माणूस नेमा. पेटी कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंच आणि वाळवीपासून दूर राहिली पाहिजे. नेणाऱ्याकडून अनामत घ्या आणि परत करण्याची तारीख आधीच ठरवा. परतीचं भाडं शेवटी वापरणाऱ्याने द्यायचं, असा नियम करा, म्हणजे वाद होत नाहीत. बोल्ट, टी-नट आणि ठोकळे किती याची यादी झाकणाच्या आत चिकटवा. सोबत एक वही ठेवा: कधी, कुठून कुठे, कोणता स्पीकर, काय हरवलं, काय मोडलं. ज्याच्या हातून फोम फाटला त्याने तो बदलून द्यायचा. खर्च पाच जणांत वाटला की कुणालाच जड जात नाही. एकट्यासाठी हीच पेटी महाग वाटते आणि म्हणूनच माणूस पुठ्ठ्यावर भागवतो.

स्पीकर पोचल्यावर घाई करू नका. पेटीवर नवा डाग, फुटलेली कड किंवा पाण्याची ओल दिसली तर फोटो काढा आणि पोचपावतीवर तसं लिहूनच सही करा. आतला स्पीकर रात्रभर खोलीच्या हवेत राहू द्या. लाल पट्टीची तार काढा. वूफरचा कोन बोटांनी चहूबाजूंनी सारखा, हलकेच आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर अँप्लिफायर जोडू नका, आधी जाणकाराला दाखवा. आवाज आला नाही तर अगदी कमी आवाजावर सुरुवात करा.

यातलं काहीच अवघड नाही. एक सुतार, थोडा फोम, काही बोल्ट आणि एकमेकांवर विश्वास ठेवणारे चार-पाच लोक, एवढंच लागतं. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, प्रत्येक शहरात असे लोक आहेत. ते एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या घरी जाऊन गाणी ऐकतात. पुढच्या वेळी अशा बैठकीत बसाल तेव्हा पेटीचा विषय काढा, माप ठरवा आणि त्याच दिवशी वर्गणी गोळा करा. तुमच्याकडची जोडी तुमच्यानंतरही कुणाच्या तरी घरी वाजायची आहे. ती तिथे धड पोचवणं ही तुमची जबाबदारी आहे.