विंचूर नेमके कुणाचे?

दोस्तांनो, आज आपण विंचूरच्या तीनपाटीवर उभे राहू या. एक रस्ता पश्चिमेला निफाडवरून नाशिकला जातो, दुसरा पूर्वेला येवल्याला, तिसरा उत्तरेला लासलगावकडे. आता सांगा पाहू, विंचूर कुणाचे?

"सोप्पंय! तालुका निफाड, जिल्हा नाशिक." शाब्बास! पण थांबा हं. आमदार निवडताना हेच विंचूर येवला मतदारसंघात असते, आणि खासदार निवडताना दिंडोरीत! कांदा विकायचा तर गावात उपबाजार आहे, पण तो लासलगाव बाजार समितीचा. एका गावाला ओढणारे हात तरी किती!

ही काही कुणाची चूक नाही बरं का. तालुक्याची हद्द महसुलासाठी, जमिनीच्या कारभारासाठी आखलेली असते. मतदारसंघ आखताना मात्र माणसे मोजतात. प्रत्येक आमदारामागे साधारण सारखी लोकसंख्या यावी, म्हणून मोठा तालुका कापून त्यातली काही गावे शेजारच्याला जोडतात. २००८ च्या फेररचनेत निफाड तालुक्यातली लासलगाव-विंचूरकडची गावे अशीच येवला मतदारसंघात धरली आहेत.

याचा उपयोग काय, असे वाटेल तुम्हाला. समजा, मार्च महिन्यात गारा पडल्या आणि काढणीला आलेली द्राक्षे झोडपली गेली. ज्यांना गावात आजही सगळे तलाठी म्हणतात ते ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि कृषी खात्याचे कर्मचारी बांधावर येऊन पंचनामा करतात. तो कागद जातो निफाडच्या तहसील कचेरीत. "आपला आमदार येवल्याचा" म्हणून कुणी येवल्याच्या कचेरीत गेला, तर त्याचा दिवस बुडाला! आमदार विधानसभेत प्रश्न विचारतील, पण पंचनाम्याचा कागद निफाडलाच शोधायचा.

निफाडला गेल्यावरही एक घोळ होतोच. जिल्हा परिषदेच्या शाळेचे छप्पर गळते म्हणून तहसीलदारांकडे जाऊन भागत नाही. ते काम पंचायत समितीचे. तहसीलदार सरकार नेमते, पंचायत समितीचे सदस्य मात्र आपण मते देऊन निवडतो. महाराष्ट्रात ही पंचायत समिती १९६२ साली आली.

दूर पोलंड देशातही आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधला वाटावा असा एक भाग असतो, त्याला 'पोव्यात' म्हणतात. तिथले लोक परिषद निवडतात आणि परिषद आपला प्रमुख निवडते. गंमत म्हणजे १९७५ साली त्यांनी पोव्यात रद्द केले होते आणि १९९९ साली पुन्हा आणले!

आणि पाणी? ते तर कुठलीच हद्द मानत नाही. नैऋत्येला नांदूरमधमेश्वरला गोदावरी आणि कादवा भेटतात. तिथले पाणी लासलगाव-विंचूरसह सोळा गावांच्या योजनेतून येते. एकट्या ग्रामपंचायतीला एवढी लांब पाइपलाइन झेपणार कशी? जलवाहिनी वाटेत फुटली, तर कोरडे नळ सगळ्याच गावांत. तिथूनच निघालेले कालवे जिल्हा ओलांडून थेट कोपरगावच्या शेतांत जातात.

आता तुमचे काम. आईबाबांना घरातला सातबारा आणि मतदार ओळखपत्र काढायला सांगा. सातबाऱ्यावर तालुका पाहा, ओळखपत्रावर मतदारसंघ पाहा. विंचूरच्या मुलांना दोन वेगळी नावे सापडतील. तुम्हाला किती सापडली?