पुनर्वसन किनाऱ्याचे की माणसांचे?

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर 11 मार्च 2011 रोजी दुपारी झालेल्या 9.0 तीव्रतेच्या भूकंपाने आणि त्यापाठोपाठ आलेल्या त्सुनामीने सुमारे 15 हजार 900 जणांचा बळी घेतला. सुमारे अडीच हजार जणांचा अद्याप ठावठिकाणा नाही. लाटा ओसरल्यानंतरही माणसे दगावत राहिली. बर्फवृष्टीच्या दिवसांत शाळांच्या थंडगार सभागृहांत काढलेल्या रात्री, औषधोपचारात पडलेला खंड, पुन्हा पुन्हा बदलावे लागलेले निवारे आणि मागाहून आलेले नैराश्य यांमुळे झालेल्या मृत्यूंची जपानी प्रशासन ‘आपत्तीसंबंधित मृत्यू’ अशी स्वतंत्र नोंद ठेवते व त्यांच्या वारसांना भरपाईही देते. असे मृत्यू 3 हजार 700 हून अधिक आहेत आणि त्यांत बहुसंख्य वृद्ध आहेत. अणुभट्ट्यांच्या अपघातामुळे दीड लाखाहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागलेल्या फुकुशिमा प्रांतात तर या मृत्यूंची संख्या भूकंप-त्सुनामीच्या थेट बळींपेक्षाही जास्त भरली.

घरे, कारखाने, बंदरे, रस्ते यांची प्रत्यक्ष हानी जपान सरकारने सुमारे 17 लाख कोटी येन इतकी धरली आणि अणुअपघाताचा खर्च तिच्यात नव्हता. इबाराकी प्रांतातील हिताचिनाका येथील एक कारखाना मोटारींतील नियंत्रक चिप बनवीत असे. तो बंद पडताच दूरदूरच्या मोटार उद्योगाचे उत्पादन अडखळले आणि सुटा भाग एकाच ठिकाणाहून घेण्याची काटकसर किती महागात पडते, हे उद्योगांना कळले. उभारणीसाठी जपानी करदात्यांवर 2013 पासून 25 वर्षांकरिता प्राप्तिकराच्या 2.1 टक्के अधिभार बसवण्यात आला आणि लोकांनी तो फारशी खळखळ न करता सोसला, ही त्या समाजाची थोरवी मान्य केलीच पाहिजे.

प्रश्न उरतो तो या पैशाच्या विनियोगाचा. कामाइशी बंदराच्या तोंडाशी, 63 मीटर खोल समुद्रतळापासून उभारलेला आणि 2009 मध्ये पूर्ण झालेला लाटारोधक बांध दोन वर्षांतच त्सुनामीने फोडला, तरीही किनाऱ्यावर सुमारे 400 किलोमीटर लांबीच्या भिंती उभारण्याचा निर्णय झाला; त्यांतील काहींची उंची 14 मीटरच्या पुढे आहे. रिकुझेनताकाता येथे डोंगर फोडून त्याची माती सरकत्या पट्ट्यांवरून आणून शहराची जमीन सुमारे 10 मीटर उंच करण्यात आली. काम अचाट होते, पण ते वर्षानुवर्षे चालले आणि तेवढा काळ पोटापाण्याशिवाय थांबणे लोकांना शक्य नव्हते. तरुण कुटुंबे सेंदाई वा तोक्योकडे गेली आणि भराव तयार झाला तेव्हा त्यावरचे कितीतरी भूखंड रिकामेच राहिले. दोन वर्षांच्या मुदतीसाठी बांधलेल्या, साधारण 30 चौरस मीटरच्या आणि शेजाऱ्याचा खोकलाही ऐकू येईल इतक्या पातळ भिंतींच्या तात्पुरत्या घरांत अनेक म्हाताऱ्यांना पाच वर्षांहून अधिक काळ काढावा लागला. वास्तविक 1995 च्या कोबे भूकंपानंतर सोडतीने घरे वाटल्यामुळे शेजार तुटला आणि वृद्ध एकेकटे, कोणाच्या ध्यानातही न येता मरण पावले, हा धडा जपानपाशी होता.

ओनागावा हे मासेमारीचे गाव वेगळ्या वाटेने गेले. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची 46 जणांची तुकडी मदतीला गेली होती ती याच गावात आणि दलाची ती पहिलीच परदेशी कामगिरी होती. पुढची अनेक दशके ज्यांना येथे काढायची आहेत त्यांनीच आराखडा ठरवावा, असे म्हणून तेथील ज्येष्ठांनी पुढाकार तरुणांकडे सोपवला. उंच भिंतीने समुद्र झाकून टाकण्याऐवजी वस्ती उंचावर हलवण्यात आली आणि 2015 च्या मार्चमध्ये नवे रेल्वे स्थानक सुरू झाले. तरीही 2010 च्या जनगणनेतील सुमारे 10 हजार लोकसंख्या 2020 मध्ये साडेसहा हजारांच्या खाली आली होती. लोकांना विचारून केलेल्या उभारणीतूनही इतकी माणसे निसटतात, तर न विचारता केलेल्या उभारणीचे काय होते, याचा अंदाज करता येतो.

महाराष्ट्राला हे परके नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावे पूर्णपणे हलवण्यात आली. घरे भक्कम मिळाली, पण शहरी धाटणीच्या आखणीत गोठ्याला जागा नव्हती आणि शेत लांब पडले. त्सुनामीचा धोकाही केवळ पुस्तकी नव्हे: नोव्हेंबर 1945 मध्ये मकरान किनाऱ्यावरील भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या आणि त्यांत माणसे दगावली होती. कोकण किनाऱ्याचे आपत्ती आराखडे आखणाऱ्यांनी इशारा आणि सुटका यांवर न थांबता, बेघर झालेल्या कोळीवाड्याला शेजाऱ्यांसह निवारा कोठे मिळेल, होड्या आणि जाळी किती दिवसांत मिळतील आणि कायमचे घर कधी मिळेल, हे त्या वस्त्यांना विचारून आजच लेखी नमूद करावे.