टेक्सासचे खारे पाणी आणि आपला गॅस सिलिंडर

सार्वजनिक क्षेत्रातील भारतीय तेल कंपन्यांनी 2026 या वर्षासाठी अमेरिकेकडून सुमारे 22 लाख टन एलपीजी घेण्याचा करार केला आहे. आपल्या वार्षिक एलपीजी आयातीचा हा साधारण 10 टक्के भाग आहे. देशात वापरल्या जाणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो. प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेत 10 कोटींहून अधिक जोडण्या आहेत. त्यामुळे हा गॅस कसा निघतो आणि त्यात अडचण कुठे येऊ शकते, हे लाभार्थ्यांनीही समजून घेणे उपयोगाचे आहे.

हा गॅस येतो कुठून?

अमेरिकेतील बहुतांश तेल आणि वायू आता शेल व तशाच घट्ट खडकांतून काढला जातो. वाळू व रसायने मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने विहिरीत सोडून खडकाला भेगा पाडतात. याला फ्रॅकिंग म्हणतात. एका विहिरीला कित्येक कोटी लीटर पाणी लागते. या उद्योगाचे सर्वात मोठे क्षेत्र म्हणजे पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या आग्नेय भागातील पर्मियन खोरे. हा भाग मुळातच कमी पावसाचा आहे.

पाण्याची खरी अडचण कोणती?

पाणी मिळवणे अवघड आहेच. त्याहून अवघड आहे वर आलेल्या पाण्याची विल्हेवाट. पर्मियनमध्ये एक पिंप तेलामागे सरासरी तीन ते चार पिंपे पाणी वर येते. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट खारट असते. त्यात तेल, धातू आणि रसायनांचे अंश असतात. ते शेतीला देता येत नाही, नदीतही सोडता येत नाही.

अनेक वर्षे हे पाणी वेगळ्या विहिरींतून पुन्हा जमिनीखाली सोडले जात होते. त्यामुळे खोलवरचा दाब वाढला आणि भूकंप होऊ लागले. टेक्सास रेलरोड कमिशनच्या नावात रेल्वे असली तरी तेल-वायू उद्योगावर देखरेख हीच संस्था ठेवते. तिने 2021 मध्ये मिडलँड-ओडेसा परिसरातील काही भागात खोल विहिरींत पाणी सोडणे थांबवले. नोव्हेंबर 2022 मध्ये पश्चिम टेक्सासमध्ये 5.4 तीव्रतेचा भूकंप झाला.

पुनर्वापरात पैसा का येत आहे?

पाणी टाकायला जागा उरली नाही, तर तेलाची विहीरही बंद ठेवावी लागते. म्हणून जलवाहिन्या, साठवण तलाव आणि शुद्धीकरण केंद्रांवर खर्च होऊ लागला. पुढच्या विहिरीच्या फ्रॅकिंगसाठी पाणी गोडे असावे लागत नाही. तेल, गाळ, लोह आणि जिवाणू काढले की भागते. मीठ काढण्याचा मोठा खर्च वाचतो. 2025 मध्ये वेस्टर्न मिडस्ट्रीम या कंपनीने ॲरिस वॉटर सोल्यूशन्स ही पाणी हाताळणारी कंपनी सुमारे 150 कोटी डॉलरला, कर्ज वगळून, विकत घेतली.

दुसरा मार्ग शहराच्या सांडपाण्याचा. पायोनियर या तेल कंपनीने मिडलँड शहराच्या सांडपाणी प्रकल्पाच्या सुधारणेसाठी पैसे दिले आणि त्या बदल्यात प्रक्रिया केलेले पाणी घेतले. शहराला सुधारलेला प्रकल्प मिळाला आणि उद्योगाची गोड्या पाण्याची गरज कमी झाली.

मर्यादा काय आहे?

वर येणारे पाणी फ्रॅकिंगच्या गरजेपेक्षा जास्त आहे. सगळे फ्रॅकिंग पुनर्वापराच्या पाण्यावर केले तरी बरेच पाणी शिल्लक राहील. ते शेतीयोग्य करायचे तर मीठ काढावे लागेल. त्याला भरपूर वीज लागते आणि उरलेल्या मिठाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून "पुनर्वापर सुरू झाला, प्रश्न सुटला" असे म्हणता येणार नाही.

लाभार्थ्यांशी याचा संबंध काय?

टेक्सासमधील पाण्याचा खर्च आपल्या पावतीवर वेगळा लागत नाही. एलपीजीचा दर आंतरराष्ट्रीय बाजारात ठरतो. मात्र पाण्यामुळे विहिरी रखडल्या, तर पुरवठा घटू शकतो आणि दरावर ताण येऊ शकतो. उज्ज्वला लाभार्थ्यांना 2025-26 साठी 14.2 किलोच्या सिलिंडरमागे 300 रुपये अनुदान मंजूर झाले, तेही वर्षाला 9 सिलिंडरपर्यंत. सिलिंडर घेताना पूर्ण रक्कम आधी भरावी लागते. अनुदान नंतर बँक खात्यात येते. अनुदानाची रक्कम ठरलेली असल्यामुळे दरवाढ झाली, तर अनुदान वाढेपर्यंत तिचा भार घरावरच पडतो.

आणखी एक गोष्ट. केंद्र सरकारच्या 2018 च्या धोरणानुसार भारतातही शेल तेल-वायूचा शोध घेण्यास परवानगी आहे. आपल्या तालुक्यात असे काम आले, तर रोजगार आणि मोबदल्यासोबत दोन प्रश्न ग्रामसभेत जरूर विचारावेत: पाणी कुठून घेणार, आणि वर आलेले खारे पाणी कुठे नेणार? टेक्सासमध्ये दुसऱ्या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले गेले, ते जमीन हादरल्यानंतर. आपल्याला तो काम सुरू होण्याआधीच विचारता येईल.