दोन टिटव्या

पक्षिनिरीक्षणाचा छंद लावून घ्यावयाचा म्हणजे प्रथम दुर्बीण घेऊन दौंडाहून पुढें भिगवणास धांवावें, असा समज घरोघरच्या मुलांनीं करून घेतलेला दिसतो. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिंवाळ्यांत उतरणारे रोहित मनोहर खरे. परंतु तेथें पाहणें थोडें, दिपून जाणेंच अधिक!

आरंभ टिटवीपासून करावा. शिरूरास घोडनदीच्या कांठीं जी ओरडते, तिच्या डोळ्यांपुढें तांबडी मांसल पाळी असते. दौंडकडील कोरड्या माळावर तिची बहीण भेटते. तिची पाळी पिवळी, माथ्यावर काळी टोपी. दोघींतील भेद दुरून कळूं लागला कीं नजर बसूं लागली म्हणावयाचें. वहींत दिनांक, वेळ, स्थळ व पक्षी काय करीत होता तें लिहावें. नांवाची खातरजमा मागाहून करावी. सलीम अली यांचें १९४१ सालीं प्रथम निघालेलें पुस्तक त्या कामीं उत्तम.

एक मात्र सांभाळावें. माळटिटवी उन्हाळ्यांत उघड्या जमिनीवर, खड्यांच्याच रंगाचीं बहुधा चार अंडीं घालते. पायाखालीं आलीं तरी दिसावयाचीं नाहींत. ती डोक्यावर घिरट्या घालीत आक्रोश करूं लागली कीं आल्या पावलीं परतावें. छायाचित्राच्या हौसेनें आपण तेथें थांबलों तर ती अंड्यांवर सांवली धरूं शकत नाहीं, आणि वैशाखाच्या उन्हांत तीं नासतात. वडील मंडळी तिच्या ओरडण्यास अशुभ मानीत. त्या वेळीं अरिष्ट असतें तें तिच्यावर.

माळावरच्या धाविकाविषयीं पुढील अंकीं.